बोलत्या हातांची डिस्क

माझी मावशी घराबाहेर पडली की जिन्याच्या वळणावरून हमखास परत फिरायची. कुलूप ओढून बघायची, खाली यायची आणि रस्त्याला लागल्यावर काकांना विचारायची, "अहो, कुलूप नीट लागलं होतं ना?" काका म्हणायचे, "कुलूप तू बघितलंस, तुला मी बघितलं. आता माझ्यावर लक्ष ठेवायला कोणी हवं असेल तर खालच्या शिंप्याला सांगून ठेवू." मावशी हसायची खरी, पण तिची बोटं पर्समध्ये किल्ली चाचपतच असायची.

पूर्वी ती एका स्टुडिओत टेपांची खोली सांभाळायची. तिथे तिचं नाव पडलं होतं 'परतबघ'. कुठलीही टेप पुसायला द्यायची वेळ आली की मावशी ती लावून बघायची, अगदी शेवटपर्यंत, आणि वर म्हणायची, "थांबा, परत एकदा बघते." कॅमेरावाले वैतागायचे. पण तिच्या हातून कधी चुकीची टेप पुसली गेली नाही, हे त्या वैतागलेल्यांनाही ठाऊक होतं. स्टुडिओ बंद पडला तेव्हा टेपा वाजवायची जुनी यंत्रं भंगारात निघाली. त्यातली चालू होती तेवढी मावशीने मागून आणली, घराच्या मागच्या खोलीत मांडली आणि लोकांच्या घरातल्या टेपा संगणकात उतरवून द्यायचं काम सुरू केलं.

संगणक काकांच्या भाच्याने सुटे भाग आणून जुळवून दिलेला. भाचा पुढे नोकरीसाठी लांब गेला आणि तेव्हापासून त्या पेटीचं झाकण कोणी उघडलं नव्हतं. मावशीचा हिशेब सरळ होता: चालतंय ना, मग हात लावायचा नाही. बाहेरची डिस्क जोडायची त्याची पोर्टं जुनी होती, काळी आणि संथ. पण तिला कुठे घाई होती? टेप काही धावत नाही. तासाभराची टेप उतरवायला तासभर लागतोच. तिचं काम आणि तिचा स्वभाव, दोन्ही त्या वेगात छान बसले होते.

मग हेडबाई आल्या.

हेडबाई म्हणजे कर्णबधिर मुलांच्या एका निवासी शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्या स्वतःही लहानपणापासून ऐकू न येणाऱ्या. समोरच्याच्या ओठांवरून बरंचसं समजून घ्यायच्या, स्वतः थोडं जड, सपाट आवाजात बोलायच्या आणि लांबलचक काही सांगायचं असेल तर मोबाईलवर टाइप करून स्क्रीन पुढे धरायच्या. त्यांनी पिशवीतून टॉवेलात गुंडाळलेली एक बाहेरची डिस्क काढली. हिच्या आणखी प्रती काढून हव्या होत्या, जुन्या विद्यार्थ्यांना वाटायला.

त्यांनी मोबाईलवर लिहून दाखवलं ते असं. शाळेच्या वसतिगृहात लहान मुलं यायची तेव्हा त्यांना कुठलीच भाषा येत नसायची. घरी कोणी शिकवलेली नसायची. मग ती एकमेकांत हातांनी बोलायला लागायची आणि त्यातून त्या वसतिगृहाच्या स्वतःच्या खुणा तयार झाल्या. मोठ्यांनी धाकट्यांना दिल्या, धाकट्यांनी त्यात भर घातली. तशा खुणा दुसऱ्या कुठल्या शाळेत नव्हत्या. हेडबाई वर्षानुवर्षं त्या मुलांचं शूटिंग करत राहिल्या: गप्पा, भांडणं, गोष्टी, तक्रारी. पुढे शाळाच बंद झाली. सगळ्या टेपा त्यांनी एका कंपनीकडे डिस्कवर भरायला दिल्या. कंपनीने भरून दिल्या आणि जागा अडते म्हणून मूळ टेपा फेकून दिल्या. न विचारता.

"म्हणजे आता जे आहे ते एवढंच?" मावशीने विचारलं.

हेडबाईंनी मान हलवली. एवढंच.

मावशीने डिस्क संगणकाला जोडली. डिस्क फिरायला लागली आणि पाठोपाठ आतून आवाज आला. टिक. जरा थांबून, टिक-टिक. मग काहीतरी खरवडल्यासारखं, आणि परत टिक.

स्टुडिओतल्या शेवटच्या वर्षांत तिने दोन डिस्क मरताना ऐकल्या होत्या. तिने ताबडतोब डिस्क बंद करून वायर काढली.

हेडबाई शांतपणे बसल्या होत्या. त्यांना काहीच कळलं नव्हतं. ती डिस्क किती दिवस त्यांच्या टेबलावर अशी टिकटिकत होती, देव जाणे. पण त्यांनी मावशीचा चेहरा बघितला आणि विचारलं, "काय झालं?"

"आवाज येतोय."

"कसला?"

हे कसं सांगायचं? मावशीने टेबलावर नख वाजवून दाखवलं. मग आपण काय मूर्खपणा करतोय हे तिच्या लक्षात आलं. तिने हेडबाईंचा हात हातात घेतला आणि त्यांच्या मनगटावर बोट मारलं. एकदा. मग दोनदा. मग नखाने जरासं खरवडलं.

हेडबाईंनी हात मागे घेतला नाही. मोबाईल उचलून फक्त एक शब्द लिहिला. "आजारी?"

"हो," मावशी म्हणाली. "खूप."

त्या रात्री मावशीला जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधीच ती संगणकवाल्याच्या पायरीवर जाऊन उभी होती. हा दुकानदार तिला यंत्रांच्या वायरी वगैरे आणून द्यायचा. बोलायला तोंडाळ, पण माणूस सरळ.

"काकू, डिस्क मरायला टेकलीय," सगळं ऐकून तो म्हणाला. "दोनच वाटा. एक म्हणजे बिघडलेल्या डिस्कमधलं काढून देणाऱ्या लॅबला पाठवा. ते उघडून बघतील. निघालं तर निघालं. हमी कोणी देत नाही आणि डिस्क त्यांच्याकडे पडून राहणार. दुसरी म्हणजे आहे तोवर भराभर उतरवून घ्या. पण तुमच्या त्या जुन्या काळ्या पोर्टांवर नको. डिस्क आतून वेगाने वाचते हो, तुमचं पोर्टच चिंचोळं आहे. तिथून चमच्या-चमच्याने निघणार, आणि तेवढा सगळा वेळ बिचारी फिरत राहणार. जितकी फिरेल तितकी झिजेल."

"मग?"

"मग नवीन पोर्टं बसवायची. कार्ड मिळतं. पेटीत एक खोबण रिकामी असेल, त्यात दाबून बसवायचं. मागे दोन निळी पोर्टं येतील. एकात आजारी डिस्क, दुसऱ्यात नवी. काम कितीतरी पट लवकर उरकेल. किंवा डिस्क इथे आणून द्या, माझ्या मशीनवर करतो."

मावशीने दुकानाकडे नजर टाकली. मशीनच्या टेबलाला टेकून दोन गिऱ्हाइकं उभी होती, तिसरा वाकून चार्जर शोधत होता, आणि प्रत्येकाच्या कोपराने टेबल हलत होतं. ती म्हणाली, "विचारून सांगते."

तिने हेडबाईंना दोन्ही वाटा लिहून कळवल्या. काहीही लपवलं नाही. स्वतःचं मत विचारतील म्हणून ती घाबरून बसली होती, आणि त्यांनी तेच विचारलं. "तुम्ही काय केलं असतं?"

मावशीने उत्तर लिहिलं, पुसलं, परत लिहिलं. शेवटी पाठवलं, "मला माहीत नाही. लॅबवाल्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. पण मला भीती दोन्हीची वाटते."

बऱ्याच वेळाने उत्तर आलं. "एकदा न बघितलेल्या माणसांकडे दिलं होतं. आता जे व्हायचं ते माझ्या डोळ्यांसमोर होऊ दे. तुमच्या घरी करा. मी बसून राहीन."

त्यानंतर मावशीने मला फोन केला. माझा लॅपटॉप नवा आहे, त्याला वेगवान पोर्टं आहेत, हे तिला माहीत होतं. पण तो ऑफिसचा. त्यात बाहेरची डिस्क लावली की तो ती उघडतच नाही, वर ऑफिसला कळवतो. मी तसं सांगितल्यावर ती नुसतं "बरं" म्हणाली. तिचं ते "बरं" ऐकून मी घाईघाईने दुसरी वाट सुचवली.

"मावशी, त्या दुकानदारालाच घरी बोलाव ना कार्ड बसवायला."

"पुढच्या आठवड्यात येतो म्हणाला. आणि त्या डिस्कमध्ये पुढचा आठवडा आहे की नाही, हे कोणाला ठाऊक? ती नुसती ठेवून दिली तरी मला वाटतं, आत काहीतरी गळतंय."

शेवटी ठरलं की मावशी स्वतः पेटी उघडणार. काका जन्मभर लोकांना गाडी चालवायला शिकवत आलेले. त्यांच्या गाडीत शिकणाऱ्याच्या शेजारी त्यांच्याही पायाखाली एक ब्रेक असायचा, त्यामुळे कशालाच घाबरायचं नाही अशी सवय त्यांना लागली होती. ते म्हणाले, "अगं, चार स्क्रू आणि एक पट्टी. त्यात एवढं काय?"

"तुमच्या पायाखाली ब्रेक असतो," मावशी म्हणाली. "इथे कोणाच्या पायाखाली आहे?"

ठरलेल्या दिवशी हेडबाई सकाळीच आल्या. मागच्या खोलीत खुर्ची घेऊन, डिस्क मांडीवर ठेवून बसल्या. मावशीने वीज बंद केली, भिंतीतला प्लग काढला, वर एकदा ओढून बघितला. पेटी आडवी करून झाकण सरकवलं तर आत धुळीची नुसती गोधडी. रंगाच्या ब्रशने ती हळूहळू झाडली. दुकानदाराने बजावलं होतं, हात घालण्याआधी पेटीच्या उघड्या लोखंडाला हात लावा, अंगातली वीज उतरते. मावशी दर वेळी हात लावत होती. काका म्हणाले, "तिला गोंजारतेस काय?" मावशीने लक्ष दिलं नाही.

खोबण सापडली. तिच्यासमोर मागच्या बाजूला पत्र्याची पट्टी होती, ती काढायची. पट्टीचा स्क्रू इतका घट्ट की काकांनाच जोर लावावा लागला. स्क्रू एकदम सुटला, काकांच्या बोटांतून निसटला आणि आत कुठेतरी टणकन पडला.



"हलू नका," मावशी म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक झाला होता की काका खरंच हलले नाहीत. स्क्रू बोर्डाखाली अडकला आणि वर वीज सुरू केली तर सगळा बोर्ड जळेल, हे तिने कुठेतरी वाचलं होतं. टॉर्च मारून बघितलं, दिसेना. पेटी उचलून हलवली तर आवाज येई, पण कुठून ते कळेना. दोघं उजव्या बाजूला ऐकू येतंय म्हणत होते आणि दर वेळी चुकत होते. तेवढ्यात हेडबाई उठल्या. पेटीच्या तळाशी त्यांनी दोन्ही तळवे पसरून टेकवले आणि काकांना खूण केली, हलवा. काकांनी हलवलं. हेडबाईंनी एक हात उचलला, दुसरा थोडा सरकवला, परत हलवायला सांगितलं, आणि मग वीजपुरवठ्याच्या डब्याखालचा कोपरा बोटाने दाखवला. पेटी तिकडे तिरकी केल्यावर स्क्रू घरंगळत बाहेर आला.

काकांनी स्क्रू खिशात टाकला, आणि मावशीच्या नजरेकडे बघून खिशातून काढून तिच्या हातावर ठेवला.

मग कार्ड बसवायला घेतलं. ते सहज जाईना. हलक्या हाताने दाबलं तर वर राहत होतं, जोराने दाबलं तर खालचा बोर्ड वाकल्यासारखा वाटत होता. तिने डोळे मिटून दाबलं. कट्ट असा आवाज आला आणि तिला वाटलं, मोडलं. डोळे उघडून बघते तर कार्ड सरळ, पूर्ण आत. कार्डाला वेगळी वीज लागणार होती. पेटीत लोंबणारी एक रिकामी वायर त्याच्या टोकाला जोडली. पट्टीच्या जागी आता दोन निळी पोर्टं दिसत होती.

झाकण न लावताच संगणक सुरू केला. पंखे फिरले. पडदा काळाच राहिला. आणि पेटीतून लांबलचक शिट्टी आली. थांबली. परत आली.

त्या संगणकात फक्त तिचं काम नव्हतं. त्यात इतरांच्या अर्ध्या उतरवलेल्या टेपा होत्या, कोणाचे वडील, कोणाची पहिली पावलं. "बंद करा, बंद करा," ती ओरडली आणि स्वतःच धावून बटण दाबलं. हेडबाईंना शिट्टी ऐकू आली नव्हती, पण तिची धावपळ दिसली होती. त्यांनी मांडीवरच्या डिस्कवर हात ठेवला, मूल झोपेतून दचकल्यावर ठेवतात तसा.

दुकानदाराला फोन लावला. "कशी वाजते?" त्याने विचारलं. मावशीने तोंडाने शिट्टी वाजवून दाखवली. एरवी काकांनी यावर आठवडाभर विनोद केले असते, पण आज ते टॉर्च धरून उभे होते.

"घाबरू नका काकू. रॅम हलली असेल. शेजारी उभ्या दोन पट्ट्या दिसतात का? काढा, पुसा, परत बसवा. दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या लागल्या पाहिजेत."

पट्ट्या खरंच तिरक्या झाल्या होत्या. कार्ड दाबताना तिचंच कोपर लागलं असणार. तिने त्या काढून बसवल्या. खिट्ट्या लागल्याचं बघितलं. हो, परत बघितलं. मग काकांना म्हणाली, "तुम्ही दाबा बटण."

पडदा उजळला. मावशीचा जीव भांड्यात पडला, पण अर्धाच. संगणकाला नवं कार्ड ओळखता येईना. कार्डाबरोबर आलेली सीडी घालून त्याची ओळख करून द्यावी लागली, मधे एकदा बंद-चालू करावा लागला, आणि प्रत्येक वेळी तो चालू होईपर्यंत ती खुर्चीची कड धरून उभी राहिली.

तरीही आजारी डिस्क तिने लगेच लावली नाही. आधी नवी कोरी डिस्क निळ्या पोर्टात घातली आणि संगणकातल्या काही टेपा तिच्यावर उतरवून बघितल्या. कॉपीची पट्टी इतक्या झपाझप पुढे सरकली की तिचा विश्वास बसेना. उतरलेली फाइल उघडून, मधूनमधून चालवून बघितली. नीट होती.

"आता?" काकांनी विचारलं.

मावशी हेडबाईंसमोर जाऊन बसली, त्यांना ओठ दिसतील अशी. "दुकानदाराने एक प्रोग्राम दिलाय. जे वाचता येत नाही ते सोडून पुढे जातो. पण डिस्क मधेच कधीही बंद पडू शकते. म्हणून आधी काय घ्यायचं, ते तुम्ही सांगा."

हेडबाईंनी कागद मागितला. पहिल्यांदा वसतिगृहातल्या लहान मुलांची वर्षं. मग मोठ्या मुलांच्या गोष्टी. मग सहली. सगळ्यात शेवटी स्वतःचा निरोप समारंभ. हे लिहिताना त्यांचा हात कुठेही अडला नाही. एवढं सगळं त्यांनी आधीच मनात ठरवलेलं दिसत होतं.

डिस्क लावली. टिक. टिक-टिक. मग ती नीट फिरायला लागली आणि पट्टी सरकू लागली.

ती दुपार तिघांनी कशी काढली ते काकांनी मला नंतर सांगितलं. मावशी पडद्याकडे बघायचीच नाही. ती नुसती ऐकत होती. आवाज गुळगुळीत असेतो तिचे खांदे खाली असायचे. टिक झालं की वर जायचे. हेडबाईंनी डिस्कच्या बाजूला टेबलावर पंजा ठेवला होता, डिस्कला न लावता, आणि टिक झालं की त्यांच्याही बोटांना ते कळत होतं. मावशी वर बघायची तर त्याही तिच्याकडेच बघत असायच्या. दोघी एकाच वेळी दचकत होत्या. काका म्हणाले, "मीच तेवढा बहिरा होतो त्या खोलीत."

मधे एकदा वीज गेली. वीज गेल्यावर संगणक थोडा वेळ चालू ठेवणारी टेबलाखालची बॅटरी ओरडायला लागली. काका खाली धावले, शिंप्याला विचारलं, त्याच्याकडेही वीज नव्हती. बॅटरी किती वेळ पुरेल ते मावशीला ठाऊक नव्हतं. थांबवावं, तर डिस्क परत सुरू होईलच याचा भरवसा नाही. चालू ठेवावं, तर मधेच खटकन सगळं विझायची भीती. तिने हेडबाईंना दिवा दाखवला, बॅटरी दाखवली आणि बोट प्रश्नासारखं वळवलं. हेडबाईंनी हात पुढे फिरवला. चालू दे. मावशीने संगणकाचा पडदा तेवढा बंद केला, बॅटरीवरचा भार कमी व्हावा म्हणून. त्यानंतर त्या आवाजाशिवाय काहीच कळायला मार्ग नव्हता. दोघी अंधुक खोलीत तशाच बसून राहिल्या. वीज आली तेव्हा मावशीच्या तळहातांत नखं रुतलेली होती.

लहान मुलांची वर्षं उतरली. गोष्टी उतरल्या, पण त्यात काही फाइली प्रोग्रामने सोडून दिल्या. सहली चालू असताना टिकटिक वाढली. मग खरवडल्याचा आवाज आला, लांब, आणि मग काहीच नाही. डिस्क फिरायची थांबली. मावशीने वायर काढून परत लावली, जरा थांबून पुन्हा लावली. नुसतं एक बारीक गुणगुणणं येई आणि विरून जाई.

"संपलं," मावशी म्हणाली.

हेडबाईंनी टेबलावरचा हात उचलला. कागदावरची शेवटची ओळ, निरोप समारंभ, यावर एक रेघ मारली आणि मोबाईलवर लिहिलं, "भाषणं होती. ऐकू येणाऱ्यांची. तेव्हाही मला कळली नव्हती."

काका मोठ्याने हसले. मावशीला हसू येईना. प्रोग्रामने सोडलेल्या फाइलींची नावं पडद्यावर आली होती आणि ती हेडबाईंना दाखवायची होती. तिने खुर्ची सरकवून जागा करून दिली.

हेडबाई एकेक नाव वाचत गेल्या. काहींवर त्यांनी खांदे उडवले. एका नावावर थांबल्या. पुन्हा वाचलं. मग खुर्चीत मागे टेकल्या आणि मोबाईलवर लिहू लागल्या.

ती एका मुलीची गोष्ट होती. मुलगी शाळेत आली तेव्हा भिंतीकडे तोंड करून बसायची. पुढे वसतिगृहात सगळ्यात जास्त बोलणारी झाली, नवीन नवीन खुणा तिच्याच बोटांतून यायच्या. शाळेतून गेली त्याच वर्षी तापाने वारली. ती एकटी कॅमेऱ्यासमोर बसून बोलली होती, असं चित्रण तेवढंच एक.

"मी आधी ती एकच फाइल घेतली असती तर..." एवढं बोलून मावशी थांबली. हेडबाईंनी तिचे ओठ वाचले आणि नकाराची मान हलवली. क्रम त्यांनी लावला होता. त्यांनी ते बोलून दाखवलं, स्वतःच्या जड आवाजात: "मी. तुम्ही नाही."

काकांनी पाणी आणून दिलं. कोणी घरी जायचं नाव काढलं नाही. मावशीने स्टुडिओतल्या सवयीने काम सुरू केलं, उतरलेल्या फाइली एकेक उघडून बघायचं. पहिली, दुसरी, पुढची. आवाज नाही, नुसते हात. वसतिगृहाची लांब खोली, लोखंडी खाटा, खिडकीपाशी मुलं. तिला एक शब्द कळत नव्हता, पण हात किती वेगाने चालले होते ते दिसत होतं.

एका फाइलीत दोन लहान मुलं कुठल्याशा चेंडूवरून भांडत होती. हेडबाई एकदम पुढे झुकल्या आणि पडद्याच्या कडेला बोट टेकवलं. मागे, खाटेच्या काठावर, दोन मुली दाटीवाटीने बसल्या होत्या. त्यातली एक कॅमेऱ्याकडे न बघता शेजारणीशी बोलत होती.

"ही?" मावशीने विचारलं.

"ही."

मावशीने चित्र मागे नेलं आणि सावकाश चालवलं. मुलीचे हात छोटे, झरझर, अर्धे पडद्याबाहेर. हेडबाई बघत राहिल्या. मावशीने परत मागे नेलं.

"काय म्हणतेय?"

हेडबाईंनी एकवार नीट बघितलं. मग मोबाईल बाजूला ठेवून स्वतःच बोलल्या. "म्हणतेय, सरक. अर्धी खाट माझी आहे." आणि थोडं थांबून, "आणि तुझे पाय गार आहेत."

मावशी रडायला लागली. हेडबाई मात्र हसत होत्या, खांदे हलवत, आवाज न करता. मग त्यांनीही डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी मावशीने नव्या डिस्कची प्रत काढली, आणि त्या प्रतीची आणखी एक. प्रत्येक फाइल उघडून बघितल्याशिवाय एकही डिस्क तिने घराबाहेर जाऊ दिली नाही. एक हेडबाईंकडे, एक त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याकडे, आणि हेडबाईंच्या सांगण्यावरून एक मावशीच्या कपाटात. मेलेली डिस्क त्यांनी लॅबला पाठवायला संमती दिली. आता त्यात गमावण्यासारखं काही उरलं नव्हतं. लॅबचं उत्तर पुष्कळ उशिरा आलं. काही निघालं नाही.

हेडबाई अजून दर महिन्याला मावशीकडे येतात. मागच्या खोलीत बसून दोघी ती चित्रणं बघतात. हेडबाई मुलांचं बोलणं सांगतात आणि मावशी ते चित्राखाली ओळी करून भरते. मोठं काम आहे, दोघींच्या हयातीत पुरं होईल की नाही, याचीही मावशीला काळजी लागलेली आहे. परवा मी गेले तेव्हा एका ओळीवरून त्यांचा वाद चालला होता. एक मुलगा बोटं नाकाशी नेऊन काहीतरी म्हणत होता. हेडबाई म्हणत होत्या, हे लिहू नका, ते माझ्याबद्दल आहे. मावशी म्हणत होती, मग तर लिहिलंच पाहिजे.